मुलगा म्हणतो गेमिंग पीसी, धाकटी म्हणते प्लेस्टेशन!

मैत्रिणींनो, बोनस, मुदत भरलेली पॉलिसी किंवा भिशीचा नंबर, यांपैकी काहीही घरात येणार असलं की त्याचा सुगावा सर्वांत आधी लागतो तो मुलांना. पूर्वी मागणी सायकलची असायची. मग मोबाइल आला. अलीकडे मात्र आठवी-नववीतल्या मुलांच्या तोंडी दोनच नावं ऐकू येतात. एक गेमिंग पीसी आणि दुसरं कन्सोल, म्हणजे प्लेस्टेशन नाहीतर एक्सबॉक्स. मी इथं साताऱ्यात एका शाळेत अर्धवेळ शिकवते. मधल्या सुट्टीत व्हरांड्यातून जाताना जे कानावर पडतं त्यावरून सांगते, या पोरांना पानिपतची लढाई कोणत्या साली झाली ते आठवत नाही, पण कुठल्या ग्राफिक्स कार्डात किती जीबी असतात ते झोपेतसुद्धा सांगतील!

पालकसभेला आलेल्या आया मग हळूच विचारतात, "बाई, या दोन्हींतलं घ्यायचं तरी काय? आम्हाला तर यातलं ओ की ठो कळत नाही." म्हणून हा लेखनप्रपंच. खेळण्यासाठी एवढे पैसे घालावेतच का, मैदान नाही का, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर तो अगदी रास्त आहे. आमच्या सासूबाईंचाही तोच होता. ज्यांचं 'नाही' ठरलेलं आहे त्यांनी खुशाल पान उलटून लोणच्याच्या कृतीकडे वळावं. पण ज्यांच्या घरी 'घेऊ या' इथपर्यंत गाडी आली आहे, त्यांनी पैसे मोजण्यापूर्वी पुढचं वाचावं असं मला वाटतं.

शिवलेला कपडा आणि तयार कपडा

आपण लहान असताना टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम मिळायचा, आठवतो ना? पिवळी कॅसेट खोचायची, चालली नाही की तिच्यात फुंकर मारायची आणि मारिओ नाहीतर काँट्रा खेळत बसायचं. बहुतेकींच्या घरातला तो डबा १९८३ साली जपानमध्ये निघालेल्या निन्टेन्डोच्या यंत्राची नक्कल असायचा, पण आपल्याला त्याचं काय! आजचं कन्सोल हे त्याच डब्याचं पणतवंड. टीव्हीला वायर जोडली, कंट्रोलर हातात घेतला की खेळ सुरू. आत काय आहे ते आपण बघायचं नाही आणि बदलायचंही नाही. कंपनीने जे बसवलं ते बसवलं.

गेमिंग पीसी म्हणजे कॉम्प्युटरच, पण चित्रं झरझर हलवण्यासाठी त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड घातलेलं असतं. तो बहुधा सुटे भाग आणून जोडून घेतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे ज्याला आता डॉ. भडकमकर मार्ग म्हणतात तिथं, अशा भागांची दुकानं ओळीने आहेत. आपल्याकडे तालुक्या-जिल्ह्याच्या गावीही एखाद-दुसरा जोडणारा असतोच.

माझ्या मते फरक तयार ब्लाउज आणि शिंप्याकडून शिवून घेतलेला ब्लाउज यांच्यात असतो तसा आहे. तयार कपडा स्वस्त पडतो, लगेच अंगात घालता येतो, पण शिवणीत माया नसते. शिवलेल्या कपड्यात माया ठेवलेली असते. दोन वर्षांनी उसवून मोठा करता येतो. पीसीचं तसंच. कार्ड जुनं झालं, ते काढा आणि नवं बसवा. रॅम कमी पडली, वाढवा. कन्सोलमध्ये फार तर साठवण वाढवता येते, बाकी काही नाही. आता ही माया पुढे कोण उसवणार आणि त्याचे पैसे कोण देणार, हा प्रश्न मात्र शिंप्याला विचारून उपयोग नाही!

कागदावरचा आकडा

मैत्रिणींनो, सगळ्यात जास्त वेळ मी या भागाला देणार आहे, कारण घोळ इथंच होतो.

आधी कन्सोल. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आलं, तेव्हा डिस्क घालता येणाऱ्याची किंमत ४९,९९० रुपये होती आणि बिनडिस्कच्या 'डिजिटल'ची ३९,९९०. नोव्हेंबर २०२२ मध्ये दोन्ही पाच-पाच हजारांनी महागली. एप्रिल २०२४ मध्ये आकाराने लहान असं नवं रूप आलं, ते त्याच वाढीव भावाला, म्हणजे ५४,९९० आणि ४४,९९०. मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स सिरीज एस हे नोव्हेंबर २०२० मध्ये ३४,९९० ला आलं होतं. आजचा भाव दुकानात विचारूनच घ्या, पण अंदाज यावा म्हणून हे आकडे दिले.

आता पीसी. आमच्या थोरल्याने मला सांगितलं, "आई, चौऱ्याहत्तर हजारांत होतो." गेल्या गणपतीत आमचे 'हे' आणि मी जोडणाऱ्याकडून अंदाजपत्रक घेऊन आलो. ते जसंच्या तसं देते. प्रोसेसर १५,०००, मदरबोर्ड १०,५००, ग्राफिक्स कार्ड २९,०००, सोळा जीबी रॅम ५,०००, एक टीबी एसएसडी ५,५००, वीजपुरवठ्याचा डबा म्हणजे एसएमपीएस ५,०००, कॅबिनेट ४,०००. बेरीज बरोबर ७४,०००. मुलगा काही खोटं बोलला नव्हता. पण ही बेरीज नुसत्या कॅबिनेटची! मॉनिटर ११,५००, कीबोर्ड-माउस २,०००, यूपीएस ५,००० हे खाली वेगळ्या चौकटीत. सगळं मिळून ९२,५००. विंडोजचा परवाना यात धरलेलाच नव्हता आणि टेबल-खुर्चीचा तर कुणी विचारही केला नव्हता. तेव्हा तुमच्या घरी मूल कुठलाही आकडा घेऊन आलं, की पहिला प्रश्न हा विचारा : "यात पडदा धरला आहे का?"

आणखी एक गोष्ट. हेच अंदाजपत्रक आम्ही डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा करून घेतलं, तेव्हा रॅमच्या ओळीतला आकडा दुपटीच्याही वर गेलेला. दुकानदार काही आम्हाला फसवत नव्हता. कृत्रिम बुद्धिमत्तेची जी मोठमोठी केंद्रं जगभर उभी राहत आहेत, त्यांना ही मेमरी लागते. कारखान्यांचा माल तिकडे वळला आणि आपल्या वाट्याचा महागला. ग्राफिक्स कार्डांचीही २०२१ मध्ये अशीच टंचाई झाली होती. तेव्हा आभासी चलन 'खणणारे' लोक पेटीच्या पेट्या उचलत होते. थोडक्यात काय, सुट्या भागांचे भाव कांद्यासारखे असतात. कन्सोलचा भाव छापील असतो, वर्ष-दोन वर्षांनी बदलतो.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, मग कन्सोलच स्वस्त. थांबा. यंत्र घेतलं की संपलं असं नसतं, त्यात खेळ घालायचे असतात. प्लेस्टेशनचा नवा मोठा खेळ ५,००० रुपयांच्या घरात जातो. वर्षाला तीन घेतले तरी पंधरा हजार, तीन वर्षांत पंचेचाळीस. दुसरा कंट्रोलर साधारण सहा हजार. मित्रांबरोबर इंटरनेटवरून विकतचे खेळ खेळायचे तर प्लेस्टेशन प्लसची वर्गणी भरावी लागते, तीही दरवर्षी. (फोर्टनाइटसारख्या फुकट खेळांना मात्र ही वर्गणी लागत नाही.) यंत्र पंचावन्न, कंट्रोलर सहा, खेळ पंचेचाळीस, म्हणजे वर्गणी न धरताच एक लाख सहा हजार झाले!

पीसीवर इंटरनेटवरून खेळायला अशी वर्गणी नाही. 'स्टीम' नावाच्या दुकानात उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात सेल लागतात, तेव्हा जुने झालेले मोठे खेळ निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. 'एपिक'वाले तर २०१८ च्या डिसेंबरपासून दर काही दिवसांनी एखादा खेळ फुकट देत आले आहेत. शिवाय मुलं ज्यात सर्वांत जास्त रमतात ते व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ हे मुळातच फुकट.

तेव्हा तीन वर्षांचा हिशेब मांडला तर दोन्ही पारडी जवळजवळ सारखी होतात. कन्सोलचं पारडं वर न्यायचं तर एकच उपाय आहे, डिस्कचं यंत्र घ्या. दहा हजार वाचतात म्हणून बिनडिस्कचं घेतलं, की प्रत्येक खेळ कंपनीच्याच दुकानातून घ्यावा लागतो आणि एकदा घेतला की तो कुणाला देता येत नाही, विकता येत नाही. डिस्क असली तर खेळून झाल्यावर विकता येते, शेजाऱ्याला देता येते, जुनी विकत घेता येते. (नव्या लहान रूपाच्या बिनडिस्कच्या यंत्राला ड्राइव्ह नंतर वेगळा घेऊन जोडता येतो, पण त्याचे पुन्हा पैसे.) आम्ही आधी एका दुकानात चौकशी केली होती. तिथं "यंत्र हवं तर बरोबर हे तीन खेळ घ्यावेच लागतील" असं ऐकवण्यात आलं. साखर हवी तर साबणही घ्या, असली ही तऱ्हा! आम्ही सरळ पायऱ्या उतरलो.

बिनव्याजी हप्त्यांचं आमिष दोन्हीकडे असतं. त्यात प्रक्रिया शुल्क किती आणि रोख दिल्यास मिळणारी सूट बुडते का, एवढं विचारा म्हणजे झालं.

"अभ्यासालाही उपयोगी पडेल!"

हे वाक्य तुमच्या घरी म्हटलं गेलं नसेल तर मला कळवा! गेमिंग पीसीच्या बाजूने मुलांच्या भात्यातला हा सगळ्यात धारदार बाण. आणि बाबालोक याला हमखास बळी पडतात.

शिक्षिका म्हणून सांगते, शाळेचा प्रकल्प, तक्ते, निबंध, ऑनलाइन तास, थोडंफार प्रोग्रॅमिंग, हे सगळं साध्या लॅपटॉपवर उत्तम होतं. त्यात २९,००० रुपयांच्या कार्डाला काडीचंही काम नसतं. ते कार्ड गृहपाठ करत नाही. पण म्हणून मी हा बाण सरसकट बोथटही म्हणणार नाही. जी मुलं खरोखर काही घडवतात, त्यांना त्याचा उपयोग आहे. व्हिडिओचं संकलन करणारी, ब्लेंडरसारख्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये त्रिमितीय चित्रं करणारी, पुढे स्थापत्य किंवा इंजिनिअरिंगची रेखाटनं करणारी मुलं. हे काम कन्सोलवर होत नाही. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या लहानशा चमूने 'राजी' नावाचा खेळ केला, तो २०२० मध्ये जगभर गेला. हरवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघालेली सर्कशीतली मुलगी त्यात नायिका आहे. असं काही करायचं तर कॉम्प्युटरच हवा.

मग ओळखायचं कसं? आजवर घरात जो काही कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप आहे त्यावर मुलाने काय केलं ते बघा. ब्लेंडर साध्या यंत्रावरही रडतखडत चालतो. ज्याला आवड असते तो रडतखडत चालणाऱ्यावरही एक खुर्ची, एक घर, काहीतरी काढून दाखवतो. आमच्या थोरल्याला मी दोन महिन्यांची मुदत दिली. "एक मिनिटाचं काहीही करून दाखव, मग पीसीचं बोलू," म्हटलं. दोन महिन्यांत प्रोग्रॅम उतरवून झाला, त्याबद्दलचे व्हिडिओ बघून झाले, आणि पुन्हा क्रिकेट सुरू झालं. यात मला राग येण्यासारखं काही वाटलं नाही. चौदा वर्षांच्या मुलाला खेळायचं आहे, एवढाच त्याचा अर्थ. पण मग आपण पैसे खेळासाठी घालतो आहोत हे सर्वांनी कबूल करावं, अभ्यासाचं पांघरूण त्यावर घालू नये. शेजारच्या वहिनींच्या मुलीने मात्र त्याच मुदतीत जुन्या लॅपटॉपवर कार्यक्रमाची चित्रफीत कापून-जोडून गाण्यासह तयार केली. तिला मी डोळे मिटून पीसी घेऊन देईन.

जुना कॉम्प्युटर असलेल्यांसाठी एक गोष्ट जाता जाता. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचं नेहमीचं पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं, आणि जुन्या पुष्कळशा यंत्रांवर विंडोज ११ बसत नाही. घरचा कॉम्प्युटर तसाही बदलायचाच असेल, तर हिशेब थोडा पीसीच्या बाजूला झुकतो. आमच्याकडे दोन वर्षांचा लॅपटॉप होता, म्हणून झुकला नाही.

गेमिंग लॅपटॉपबद्दलही काही जणी विचारतात. जड, तापट आणि महाग. त्यातलं ग्राफिक्स कार्ड बदलता येत नाही. म्हणजे पैसे शिंप्याचे आणि माया तयार कपड्याइतकी! वसतिगृहात राहणाऱ्या मुलालाच तो शोभतो.

वीज, धूळ आणि झुरळं

विजेची भीती उगाच घातली जाते. प्लेस्टेशन ५ मोठा खेळ चालू असताना २०० वॅटच्या आसपास वीज घेतं. रोज दोन तास धरले तर महिन्याला १२ युनिट. मधल्या प्रतीचा गेमिंग पीसी मॉनिटरसकट ३५० ते ४०० वॅट धरा, म्हणजे २१ ते २४ युनिट. दोन हजार वॅटचा गीझर रोज पाव तास लावला तरी महिन्याला १५ युनिट होतातच की! टीव्हीचे थोडे वेगळे धरा. महावितरणच्या बिलात शंभर युनिटांच्या पुढचे युनिट महाग असतात, तेव्हा तुमचं बिल नव्वदच्या आसपास येत असेल तर हा फरक जाणवेल. पण महागतात ते शंभराच्या वरचेच युनिट, सगळे नाहीत.

वीज जाते तिथं मात्र काळजी हवी. कचेरीत असतो तो साधा ६०० व्हीएचा यूपीएस गेमिंग पीसीला पुरत नाही, खेळ रंगात आला की तो कुईं करून मान टाकतो. म्हणून अंदाजपत्रकात मोठा धरावा लागला. कन्सोललाही खेळ साठवला जात असताना वीज जाणं चांगलं नाही.

आता घरातली जागा. कन्सोल टीव्हीखालच्या काचेच्या कपाटात बंद करून ठेवू नका. गरम हवा बाहेर पडायला मागे-बाजूला चांगली वीतभर मोकळीक हवी. वर रुमाल घालण्याचा मोह आवरा, टीव्हीवर क्रोशाचे रुमाल घालायचे दिवस गेले! आणि हसू नका, पण झुरळं. उबदार, अंधारी आणि कुणी हात न लावणारी जागा त्यांना फार आवडते. प्लेस्टेशनच्या आधीच्या पिढीच्या यंत्रांतून दुरुस्तीवाल्यांनी झुरळांची घरटीच्या घरटी काढलेली आहेत. खेळताना वेफर्स, चिवडा खाऊ द्यायचा नाही हा नियम आमच्या घरी त्यातून निघाला. कोपऱ्यात औषधाचे ठिपके लावा, पण यंत्रावर फवारा मारू नका.

पीसीला जागा आणि धूळ या दोन्हींची हौस जास्त. कॅबिनेट जमिनीवर ठेवलं की केर काढताना सगळी धूळ आत ओढली जाते. वर्षातून दोनदा उघडून ब्लोअर मारावा लागतो. हमीचंही बघा. कन्सोलची एकाच कंपनीची एक वर्षाची हमी असते. पीसीत प्रत्येक भागाची हमी वेगळी, कार्ड-प्रोसेसरला बहुधा तीन वर्षं, काहींना त्याहून जास्त. हमी लांब असली तरी बिघडलेला भाग कुठला ते आधी शोधायला हवं आणि त्याचं बिल सापडायला हवं. सगळी बिलं एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून ती रेशनकार्डाशेजारी ठेवा.

बैठकीची खोली की बंद दार?

पैशांची पारडी सारखी झाल्यावर आमचा निर्णय ज्याने झाला ती गोष्ट ही. कन्सोल टीव्हीला लागतं, म्हणजे ते बैठकीच्या खोलीत येतं. पीसी टेबलावर लागतो, म्हणजे मुलाच्या खोलीत जातो. कानाला हेडफोन, समोर पडदा, मागे दार लोटलेलं. तो कुणाशी बोलतो, काय ऐकतो, शिव्या शिकतो की देतो, आपल्याला पत्ता नाही. बैठकीत खेळताना येणारी-जाणारी माणसं असतात, मी भाजी निवडत असते, आजोबा पेपर वाचत असतात. कुणी पहारा देत नाही, पण सगळ्यांचं आपोआप लक्ष असतं. आमच्या दोन खोल्यांच्या घरात तर मुलाची वेगळी खोलीच नाही. पीसी आला असता तर आमच्या निजायच्या खोलीत!

यात अडचण नाही असं नाही. टीव्ही एकच, आणि आठ ते नऊ सासूबाईंची मालिका. पहिल्या आठवड्यात यावरून आवाज चढलेच. तुमच्याकडे एकच टीव्ही असेल आणि घरात मालिका बघणारी दोन माणसं असतील, तर हा मुद्दा किमतीहून मोठा समजा. जुना टीव्ही असेल तर मागे एचडीएमआयचं भोक आहे ना ते तपासा, त्याशिवाय प्लेस्टेशन ५ जोडताच येत नाही. टीव्ही फोर-केच हवा असं मात्र नाही.

दुसरी गोष्ट धाकटीची. ती पाचवीत आहे. मैत्रिणींनो, जरा आठवून पाहा, नात्यागोत्यात ज्या घरी गेमिंग पीसी आहे, तो 'दादाचा' असतो. 'ताईचा पीसी' मी तरी फार थोड्या घरी पाहिला आहे. एक खुर्ची, एक माउस, आणि बहीण पाठीमागे उभी राहून बघणार. कन्सोलला दोन कंट्रोलर लावले की दोघं शेजारी बसतात. २०२१ मध्ये आलेला 'इट टेक्स टू' तर एकट्याने खेळताच येत नाही, दोघांनी एकमेकांना मदत केल्याशिवाय पुढं सरकत नाही. सहा हजारांचा दुसरा कंट्रोलर चैन वाटतो, पण माझ्या यादीत तो पहिल्या दिवसापासून होता.

थोरल्याचीही बाजू सांगते. त्याचे तीन मित्र पीसीवर व्हॅलोरंट खेळतात. तो खेळ २०२० मध्ये पीसीवर आला, कन्सोलवर २०२४ मध्ये, आणि कन्सोलवाल्यांना पीसीवाल्यांबरोबर खेळता येत नाही. म्हणजे आपण कन्सोल घेतलं की मुलगा त्या टोळीतून बाहेर. मुलांसाठी हे लहान दुःख नसतं. उलट काही मोठे खेळ आधी कन्सोलवर येतात. 'गॉड ऑफ वॉर' प्लेस्टेशनवर २०१८ मध्ये आला आणि पीसीवर जानेवारी २०२२ मध्ये. घेण्यापूर्वी मुलाचे मित्र कशावर खेळतात ते विचारा. आम्ही विचारलं, ऐकलं, आणि तरीही कन्सोल घेतलं. आठ दिवस घरात अबोला होता.

आकडे, कार्डं आणि अनोळखी माणसं

खेळाच्या खोक्यावर कोपऱ्यात वयाचा आकडा असतो, ३, ७, १२, १६, १८. तो खेळ किती अवघड आहे हे सांगत नाही, त्यात मारामारी, शिवीगाळ, जुगार वगैरे किती आहे हे सांगतो. जीटीए ५ वर १८ आहे, आणि सातवीतली मुलं तो सर्रास खेळतात! यंत्र कुठलंही घ्या, मुलाचं खातं मुलाच्या खऱ्या वयाचं उघडा. प्लेस्टेशनवर आईच्या फोनवरून रोजची वेळ, वयाची मर्यादा आणि महिन्याचा खर्च ठरवता येतो, खर्च शून्यही ठेवता येतो. विंडोजवरही तशी सोय आहे, पण पीसीवर पळवाटा जास्त आणि मुलं आपल्यापेक्षा हुशार.

कार्डाचा नंबर यंत्रात साठवून ठेवू नका. फुटबॉलच्या खेळात खेळाडूंची पाकिटं विकत मिळतात, आत कोण निघेल ते नशिबावर. पाचशे-पाचशे करत किती गेले ते बँकेच्या संदेशावरूनच कळतं. खरे पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ भारतात २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून बंद केले, पण ही पाकिटं त्या कायद्याने घरातून गेली असं समजू नका.

आणि वेड लागण्याचं भय? जागतिक आरोग्य संघटनेने 'गेमिंग डिसऑर्डर' आजारांच्या यादीत घातला आहे, ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली. पण त्याचे निकष कडक आहेत. खेळण्यावर ताबा उरत नाही, बाकी सगळं मागे पडतं, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि हे बहुधा वर्षभर चालू असतं. रविवारी चार तास खेळला म्हणून त्याला आजारी ठरवू नका. जेवण, झोप, शाळा आणि मित्र सुटू लागले तर मात्र वर्षभर वाट न बघता डॉक्टरांशी बोला.

पैसे कुणाचे?

ही चर्चा आमच्या घरी चालू होती तेव्हा हाताशी दोन रकमा होत्या. यांचा बोनस आणि माझी भिशी. भिशीचे साठ हजार होते. बोनसमध्ये कन्सोल बसत होतं. पीसी बसवायचा तर भिशीला हात लावावा लागणार होता. घरात कुणी वाईट हेतूने म्हटलं नाही, पण "तुझे आहेतच की" हे वाक्य दोनदा येऊन गेलं.

ते पैसे मी बी.एड.च्या फीसाठी बाजूला टाकले आहेत. नुसत्या बी.ए.वर मी सात वर्षं तासिकांवर शिकवते आहे. बी.एड. नाही म्हणून कायम होण्याचा प्रश्नच येत नाही. प्रवेशपरीक्षा द्यायची, मग दोन वर्षांचा अभ्यासक्रम. मी जेवणाच्या टेबलावर पीसीचं अंदाजपत्रक आणि कॉलेजच्या फीचा कागद शेजारी-शेजारी ठेवले आणि भिशी यात येणार नाही असं सांगितलं. थोरल्याने दोन्ही कागद वाचले. तो काही बोलला नाही. मग त्यानेच फोनवर डिस्कच्या यंत्राचा भाव काढला आणि आजी-आजोबांकडून वाढदिवसाला साठलेले पैसे दुसऱ्या कंट्रोलरसाठी देऊ केले. ते आम्ही घेतले. त्याच्या वाट्याचं काही त्यात असावं असं मला वाटलं.

तुमच्या घरी दोन्ही परवडत असतील तर वरचा सगळा हिशेब पुन्हा तुमच्या पद्धतीने करा. मुलगी किंवा मुलगा काही घडवणारा असेल, स्वतंत्र टेबल असेल, घरचा कॉम्प्युटर बदलायचाच असेल तर पीसी घ्या, मी सुद्धा तेच केलं असतं. मात्र रॅमचा भाव बघून.

डिस्कांच्या बाबतीत आम्ही चौघी-पाच जणींनी एक केलं आहे. पूर्वी वाचनालयाच्या मासिकांची साखळी चालवायचो, तशी आता डिस्कांची चालवतो. कुणी नवा खेळ घ्यायच्या आधी गटात विचारायचं, दोघींनी एकच घ्यायचा नाही, आणि शनिवारी अदलाबदल. डिस्क खोक्यासकट, ओरखडा न पाडता परत. सध्या आमच्याकडच्या वहीत नऊ डिस्कांची नोंद आहे. वही धाकटीकडे असते, आणि उशीर झाला की ती दादालासुद्धा दंड लावते.